गुलाबी ठिपका

नोएलीन पास्कोनं ते नाणं ओळखलं, आणि नेलपॉलिशचा ब्रश तिच्या हातात तसाच राहिला.

पंधरा वर्षं! तब्बल पंधरा वर्षं तिचा नवरा या एका डॉलरच्या मागे हात धुऊन लागला होता. आणि आला तर कसा आला, तर रद्दीच्या ढिगातून, दुपारच्या चहाच्या वेळी, आणि तोही नवऱ्यानंच तिच्याकडे सरकवलेला.

दर शनिवारी त्यांचं हे असंच चालायचं. जेवणं आटोपली की एरल स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल अंथरायचा आणि रेडिओवर फुटबॉलची मॅच लावायचा. शुक्रवारी बँकेतून आणलेली डॉलरच्या नाण्यांची कागदी पुडकी फोडायची. एकेक नाणं भिंगाखाली धरायचं, आधी राणीची बाजू, मग कांगारूंची. त्यात काही नसलं की "रद्दी" म्हणून टेबलापलीकडे ढकलायचं. पलीकडे नोएलीन. तिनं नाण्याच्या काठाशी गुलाबी नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्यायचा, वाळला की वीस-वीसची पुडकी बांधायची, आणि सोमवारी ती परत बँकेत. नेलपॉलिश तिनं भाचीच्या लग्नासाठी घेतलं होतं. एकदाच लावलं, तर एरल म्हणाला, "काय गं, बोटं दारात चेमटली का?" तेव्हापासून ती बाटली नाण्यांच्या कामाला लागली.

ठिपका कशासाठी, तर तेच नाणं पुन्हा हाती आलं तर फुकटची मेहनत नको म्हणून. कुराबिनसारख्या गावातली नाणी जाऊन जाऊन जाणार कुठे? पब, बेकरी, पेट्रोलपंप, चर्चमधलं दानाचं ताट, की फिरून बँक. गावात आता निम्म्याहून जास्त डॉलर ठिपक्याचे होते. बेकरीत कोणी सुट्टे पैसे दिले आणि त्यावर गुलाबी ठिपका दिसला की लोक म्हणायचे, "सोडा, यात काही नाही. हे एरलच्या नजरेखालून गेलंय." एरलच्या नजरेवर गावाचा एवढा भरवसा होता.

तो शोधत होता ते नाणं सन दोन हजारचं. त्या वर्षी टांकसाळीत डॉलरच्या नाण्यांवर चुकून दहा सेंटचा साचा पडला. साचा जरासा लहान, म्हणून राणीच्या डोक्याभोवती एकाऐवजी दोन कडा उमटल्या. धड डॉलर नाही, धड दहा सेंट नाही, म्हणून नाणेवाले त्याला खेचर म्हणतात. चांगल्या अवस्थेतलं असेल तर दोन-तीन हजार डॉलर कुठे गेले नाहीत. पण पैशाचं एक असो, एरलला ते स्वतःच्या हातानं सापडायला हवं होतं. पेट्रोलपंपवाल्याला तसलं एक सापडलं होतं, चुलतभावाला सापडलं होतं, एरलला तेवढं नाही.

आणि आता ते नोएलीनच्या बोटांत होतं. दोन कडा, साध्या डोळ्यांनीही दिसाव्यात इतक्या स्वच्छ. राणीच्याच बाजूला साल, दोन हजार.

तिला आधी वाटलं, थट्टा करतोय मेला. एरलचा भरवसा नव्हता. एकदा त्यानं पुडक्यात सोनेरी कागदातलं चॉकलेट घालून ठेवलं होतं. म्हणून ती गालातल्या गालात हसत त्याच्याकडे बघत राहिली. आता हसेल, मग हसेल. एरल हसला नाही. त्यानं पुढचं नाणं भिंगाखाली धरलं, "रद्दी" म्हणाला आणि सरकवलं.

"चहा झाला का गं? आपले हरतायत बघ. पाय आहेत की लाकडं यांची!"

"ठेवते," ती म्हणाली. उठताना तिनं ते नाणं ॲप्रनच्या खिशात टाकलं. का टाकलं ते तिलाही धड सांगता आलं नसतं. किटलीत पाणी भरताना मात्र तिच्या लक्षात आलं.

त्याला दिसलं नव्हतं.

खिडकीतून समोरची शेड दिसत होती, आणि शेडमध्ये शाळेची नारिंगी बस. येत्या डिसेंबरात एरलला ती बस चालवायला लागून तीस वर्षं होणार होती. सहा घरांतली नऊ मुलं. सकाळी बासष्ट किलोमीटर, दुपारी परत बासष्ट, त्यातला निम्मा रस्ता खडीचा. आणि मध्ये रेल्वेचा रूळ. फाटक नाही, घंटी नाही, नुसती एक पाटी. गव्हाच्या मालगाड्या तिथून वाटेल तेव्हा जायच्या.

तिनं स्वतःला समजावलं. एखादं नाणं कोणाच्याही नजरेतून सुटतं. माणूस सदुसष्ट वर्षांचा झालाय, मॅच चालू होती, लक्ष उडालं असेल. पण एक धागा ओढावा आणि अख्खा स्वेटर उसवावा तसं एकेक आठवायला लागलं. मे महिन्यात बस घरच्या फाटकाच्या खांबाला घासली होती. "सूर्य डोळ्यांवर आला," म्हणाला होता. बस तर पश्चिमेकडे तोंड करून होती, सकाळची वेळ! चहा कपाबाहेर ओतायचा. पेपर वाचायचा बंद झाला होता. "त्याच त्याच बातम्या, तूच वाच आणि सांग मला." आणि ही नोएलीन रोज हौसेनं वाचून दाखवत होती.

पुढच्या शनिवारी पुन्हा बघू, तिनं ठरवलं. हेच नाणं परत पुडक्यात घालायचं. दिसलं तर दिसलं, आपलाच वेडेपणा म्हणून हसून सोडून द्यायचं.

आता कोणी म्हणेल, शनिवारपर्यंत का थांबली? सोमवारी बस निघणारच होती की! नोएलीननं तो प्रश्न स्वतःला विचारलाच नाही. विचारला असता तर उत्तर द्यावं लागलं असतं.

सोमवारी सकाळी तिनं त्याला टोस्ट करून दिले, डबा भरला. सात दहाला बस फाटकातून बाहेर पडली. ती व्हरांड्यात उभी राहून धूळ खाली बसेपर्यंत बघत राहिली, आणि पावणेनऊला इंजिनाचा आवाज परत येईपर्यंत तिनं स्वतःच्या टोस्टला हात लावला नाही. मंगळवारीही तेच. मालगाडीची शिट्टी तर आयुष्यभर ऐकत आली होती, पण मंगळवारी ती ऐकली आणि हातातली बशी निसटून सिंकमध्ये पडली.

बुधवारी ती बेकरीत गेली. काउंटरवर कर्स्टी होती. गावाबाहेर सगळ्यात शेवटचं शेत तिचं. तिच्या जुळ्या मुली एरलच्याच बसनं शाळेत जायच्या.

"अहो नोएलीन, तुमच्या नवऱ्याला सर्कशीत पाठवा हो!" कर्स्टी पाव पिशवीत भरता भरता हसायला लागली. "काल काय केलंन माहितीये? आमच्या दारात पत्रांसाठी तेलाचा डबा नाही का उभा केलेला, मुलींनी निळा रंगवलेला? बस थांबवली, दार उघडलं, आणि त्या डब्याला म्हणतात कसे, 'गुड मॉर्निंग बायांनो, चला चढा पटापटा!' मुली हसून हसून लोळल्या. आज सकाळी पुन्हा तेच! घरात आता सगळेच त्या डब्याला गुड मॉर्निंग म्हणतात."

नोएलीननं काउंटरची कड धरली.

"त्याचं काही खरं नाही बाई," ती म्हणाली, आणि हसली. हो, हसली. कर्स्टीच्या बरोबरीनं हसली, पावाचे पैसे दिले, आणि गाडीत येऊन किल्ली न फिरवता नुसती बसून राहिली.

त्या रात्री जेवताना ती बोलणारच होती. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण एरल चॉप्स चावता चावता म्हणाला, "हेडमास्तरीणबाई विचारत होत्या, डिसेंबरात तीस वर्षांचा केक कुठला आणायचा. म्हटलं, केक राहू दे, मला अजून दहा वर्षं द्या. मला काय, उचलूनच न्यावं लागेल त्या सीटवरून!" आणि इतका खूष होऊन हसला, की नोएलीन मूग गिळून बसली. गुरुवार गेला, शुक्रवार गेला.

शनिवारी जेवणं झाली. टॉवेल अंथरला, रेडिओ लागला. एरल हात धुवायला गेला तेवढ्यात तिनं एक पुडकं फोडलं, वरून तिसऱ्या जागी ते नाणं घातलं आणि समोर नाण्यांची चळत रचून ठेवली.

पहिलं, रद्दी. दुसरं, रद्दी. तिसरं त्यानं उचललं.

नोएलीन आज नाण्याकडे बघत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती, आणि इतकी वर्षं समोर बसून जे तिला दिसलं नव्हतं ते आता लख्ख दिसलं. भिंग नाण्यावर होतं, पण एरलची नजर भिंगात नव्हतीच. मान किंचित तिरकी करून तो कुठेतरी बाजूला, साखरेच्या बरणीकडे बघत होता. नाणं उलटं केलं, सुलटं केलं, सगळं सवयीनं, यथासांग.

"रद्दी."

"नीट बघ ना जरा," ती म्हणाली. आवाज आपलाच वाटेना तिला.

"बघितलं की! तू ठिपके दे गं. बघायचं काम माझं."

नोएलीन उठली. तिनं रेडिओ बंद केला.

"अगं, मॅच..."

"भिंग ठेव खाली." तिनं त्याचा तळहात उघडून त्यात ते नाणं ठेवलं. "अंगठ्यानं बघ. राणीच्या बाजूनं, काठाला."

"काय खुळ्यासारखं," असं काहीतरी पुटपुटत त्यानं अंगठा फिरवला. अर्धा काठ झाला आणि अंगठा थांबला. मागे गेला. पुन्हा सावकाश पूर्ण गोल फिरला. एरलचा चेहरा उजळला, अगदी लहान मुलासारखा, आणि नोएलीनला तो बघवला नाही.

"नोली! अगं हे... दोन कडा आहेत गं! कुठून आलं हे?"

"तुझ्या रद्दीतून. आत्ता तू सरकवलंस तेच."

त्याचा अंगठा नाण्यावरच राहिला.

"आणि मागच्या शनिवारीही तूच सरकवलं होतंस," ती म्हणाली. "हेच."

एरलनं काठ पुन्हा एकदा चाचपला.

"एखादं सुटतं," एरल शेवटी म्हणाला.

"तेच? दोनदा?"

"उजेड कमी आहे इथे. कधीचा सांगतोय दिवा बदल म्हणून."

"एरल, कर्स्टीच्या दारात डबा आहे. तू त्याला गुड मॉर्निंग म्हणतोस."

तो नाणं मुठीत घट्ट धरून बसून राहिला. मग टॉवेलकडे बघत, म्हणजे टॉवेलच्या जरा बाजूला बघत, म्हणाला, "मध्येच जातं गं. डाग पडल्यासारखं. ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच नाहीसं होतं. कडेचं सगळं दिसतं. रस्ता दिसतो, झाडं दिसतात, कुंपण दिसतं. तोंडं दिसत नाहीत."

"माझं?"

"तुझं काय, तुझं मला पाठ आहे."

तिला रडू फुटलं. रडता रडता तिचा असा काही संताप झाला, की तिनं टेबलावर हात आपटला आणि चार-पाच डॉलर घरंगळत खाली गेले. "आणि तपासणी? दर वर्षी डॉक्टरकडे जातोस ती?"

"तो अक्षरांचा तक्ता वीस वर्षं तोच आहे भिंतीवर. तोही पाठ आहे."

"लाज नाही वाटली तुला? नऊ मुलं, एरल! रूळ ओलांडून नेतोस त्यांना!"

"रुळाशी मी थांबतो. इंजिन बंद करतो, खिडकी उघडतो आणि ऐकतो. दोन वर्षांत एकदाही ऐकल्याशिवाय गेलो नाही."

"दोन वर्षं!"

"मग काय करू?" आता तोही ओरडला. "बस गेली तर माझ्याकडे उरलं काय? सांग ना! हे चिल्लर चाळायचं? ते तरी कुठे दिसतंय!" आणि मग एकदम थांबला. मान तिरकी करून तिच्याकडे वळला. आवाज खाली आला. "मागच्या शनिवारी म्हणालीस ना तू?"

नोएलीन घरंगळलेले डॉलर उचलायला खाली वाकली.

"मागच्या शनिवारी तुला कळलं. आणि सोमवारी मला टोस्ट करून दिलास. डबा भरलास. मंगळवारी, बुधवारी. पाच दिवस, सकाळ-दुपार, दहा फेऱ्या. तू मला जाऊ दिलंस मुलांना घेऊन?"

"मला खात्री करायची होती," ती म्हणाली. पण बुधवारी, बेकरीत, तिची खात्री झालीच होती. हे तिलाही माहीत होतं, आणि तोंडातून निघालेलं ते वाक्य तिचं तिलाच खोटं लागलं.

एरल उठला. खुर्चीची पाठ, दाराची चौकट, व्हरांड्याचा खांब, असा एकेका वस्तूला हात लावत तो बाहेर गेला. हेही तिनं आजच पाहिलं. शेडचं दार करकरलं. थोड्या वेळानं बसचं इंजिन सुरू झालं. नोएलीन अनवाणीच व्हरांड्यात धावली. बस जागेवरच होती. एरल सीटवर बसला होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि इंजिन नुसतंच घरघरत होतं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग ते बंद झालं.

तो परत आला आणि बसची किल्ली टॉवेलवर, नाण्यांमध्ये ठेवली. ते नाणं अजून त्याच्या दुसऱ्या मुठीत होतं. तेही त्यानं किल्लीशेजारी ठेवलं.

"सोमवारी कोण नेणार मुलांना?" त्यानं विचारलं.

"ते शाळा बघेल. नाहीतर आईबाप बघतील."

"मग त्यांना आजच सांगायला हवं. सोय करायला उद्याचा दिवस तरी मिळेल." तो भिंतीवरच्या फोनपाशी गेला. सहा घरांचे नंबर त्याला तोंडपाठ होते, आणि बोटांना बटणंही. पहिला त्यानं कर्स्टीचा लावला.

कर्स्टीचा आवाज नेहमीच मोठा. टेबलापाशी बसूनही नोएलीनला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"मिस्टर पास्को! काय, शनिवारीसुद्धा आमच्या डब्याची आठवण?"

"त्याचंच सांगायचंय, कर्स्टी." एरलनं घसा साफ केला. "ती गंमत नव्हती गं. मला वाटलं, मुली उभ्या आहेत."

पलीकडचं हसू मध्येच तुटलं.

"मला दिसत नाही," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. मी कोणाला सांगितलं नाही. मंगळवारी तुझ्या मुली कुठे उभ्या होत्या, बसच्या पुढे होत्या की मागे, ते मला ठाऊक नाही. दारातून आत आल्या तेव्हा हसण्यावरून कळलं. सोमवारपासून मी बस नेणार नाही. माफ कर म्हणत नाही. सांगायला फोन केला."

मग कर्स्टीचा आवाज आला, आणि पहिल्यांदाच तो इतका बारीक होता की नोएलीनला कान द्यावा लागला.

"नोएलीनला माहीत होतं?"

एरलनं तोंड भिंतीकडे वळवलं. "नाही," तो म्हणाला. "तिला आज, आत्ता कळलं. तिचा काही दोष..."

नोएलीन उठली आणि तिनं त्याच्या हातातून फोन घेतला. त्यानं सोडला नाही, तेव्हा बोटं उकलून घेतला.

"कर्स्टी, मी बोलतेय. मला मागच्या शनिवारपासून माहीत होतं."

"तुम्ही बुधवारी दुकानात होतात."

"हो."

"मी तुम्हाला डब्याचं सांगितलं."

"हो."

"तुम्ही हसलात," कर्स्टी म्हणाली. "नोएलीन, तुम्ही माझ्याबरोबर हसलात."

"हो," नोएलीन म्हणाली. "हसले."

फोन बंद झाला. नोएलीन तो कानाशी धरूनच उभी राहिली.

"कशाला सांगितलंस?" एरल म्हणाला. "मी घेतलं असतं ना माझ्यावर. तुला या गावात राहायचंय."

टेबलावर नेलपॉलिशची बाटली तशीच उघडी होती, आणि किल्लीशेजारी दोन कडांचा तो डॉलर, ठिपका न दिलेला. नोएलीननं हाताच्या पालथ्या बाजूनं डोळे पुसले आणि बोट बटणांवर ठेवलं.

"पुढचा नंबर सांग," ती म्हणाली. "हा मी लावते."

एरलनं नंबर सांगितला. अजून पाच घरं बाकी होती.